वर्षाला भाग जात नाही

२०२६ च्या भिंतीवरच्या कॅलेंडरची दोन पाने शेजारी शेजारी धरून पाहा. फेब्रुवारीची एक तारीख रविवारी आणि अठ्ठावीस शनिवारी. सात वार, चार आठवडे, एकही घर रिकामे नाही, एकही तारीख बाहेर नाही. शिंप्याने माप घेऊन शिवावा तसा महिना. आता ऑगस्ट. एक तारीख शनिवारची, म्हणून पहिल्या रकान्यातली सहा घरे ओस पडलेली, आणि शेवटी दोन तारखांना जागाच उरलेली नाही. मग छापणारा काय करतो? पुष्कळ कॅलेंडरांत तो ३० आणि ३१ या दोघांना उचलतो आणि पहिल्या रकान्यातल्या रिकाम्या घरांत नेऊन बसवतो. रविवारच्या ओळीत पहिल्याच घरात तीस, तिच्याखाली एकतीस, आणि त्याच रकान्याच्या तळाशी एक तारीख. महिना सुरू होण्याआधीच संपलेला.

लहानपणी मला हे फार खटकायचे. आजीला विचारले तर ती म्हणाली, "अरे, घरात माणसे जास्त झाली की एकदोघांची अंथरुणे ओसरीवर पडतातच."

आजीचे उत्तर किती मोठे होते हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. महिना कधी तीसचा, कधी एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा, आठवडे महिन्यांत मावत नाहीत, महिने वर्षात मावत नाहीत. हा सगळा गोंधळ कुण्या राजाचा किंवा कारकुनाचा निष्काळजीपणा असेल असे आपण धरून चालतो. पण हा मुळात एका भागाकाराचा प्रश्न आहे, आणि तो भागाकार आकाशातच सुटत नाही. माणसाच्या हातात एवढेच होते की उरलेली बाकी कुणाच्या ओसरीवर झोपवायची ते ठरवणे.

आकडे पाहू. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तो दिवस. एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस जातात, तो महिना. एका वसंतसंपातापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ३६५.२४ दिवस, ते वर्ष. ही तीन घड्याळे एकमेकांना कुठल्याही दातेरी चाकाने जोडलेली नाहीत. पृथ्वी किती वेगाने गरगरते आणि सूर्याभोवतीची फेरी किती दिवसांत पुरी करते, यांचा परस्परांशी करार नाही. चंद्राने यांतल्या कुणालाच विचारलेले नाही. बारा चांद्रमहिने केले तर ३५४ दिवस आणि वर नऊ तास भरतात, म्हणजे वर्षाला सुमारे अकरा दिवस कमी. तेरा केले तर ३८४, म्हणजे जवळजवळ एकोणीस दिवस जास्त.

बरे, चंद्र सोडून द्या. अपूर्णांकही सोडा आणि नुसते ३६५ घ्या. या संख्येचे मूळ अवयव दोनच, ५ आणि ७३. वर्षाचे सारखे तुकडे करायचे तर एकतर ७३ दिवसांचे पाच महिने करा, नाहीतर पाच दिवसांचे ७३ आठवडे. बारा नाही, दहा नाही, सातही नाही. सातांनी भागले तर बावन्न आठवडे आणि एक दिवस बाकी. म्हणूनच २०२६ सालचा पहिला दिवस गुरुवार आणि शेवटचाही गुरुवारच.

या बाकीशी सगळ्यांत सरळ वागले ते जुने इजिप्तचे लोक. त्यांनी प्रत्येकी तीस दिवसांचे बारा महिने केले, महिन्याचे दहा-दहा दिवसांचे तीन भाग केले, आणि उरलेले पाच दिवस कुठल्याच महिन्यात न घालता वर्षाच्या शेवटी बाहेर ठेवले. अक्षरशः ओसरीवर. इतके देखणे कॅलेंडर नंतर क्वचितच कुणी केले असेल. फक्त पाव दिवस त्यांनी मोजलाच नाही. चार वर्षांत एक दिवस, शंभर वर्षांत पंचवीस दिवस, असे त्यांचे वर्ष ऋतूंवरून घसरत राहिले आणि सुमारे १४६० वर्षांनी पुन्हा जागेवर आले. इसवी सनापूर्वी २३८ मध्ये तिसऱ्या टॉलेमीच्या काळात कॅनोपस येथे फर्मान निघाले की दर चौथ्या वर्षी एक सहावा दिवस धरावा. लोकांनी ते मनावर घेतले नाही. घसरणारे का असेना, वर्ष सवयीचे झाले होते.

रोमन लोकांचा हिशेब मात्र सुरुवातीपासूनच मजेशीर. त्यांच्या परंपरेप्रमाणे सगळ्यांत जुने वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचे आणि दहाच महिन्यांचे, ३०४ दिवसांचे असायचे. मधला हिवाळा कुठल्याच महिन्यात मोडत नव्हता. शेतात काम नाही तर दिवस मोजायचे कशाला! मराठी कानाला हे जुने वर्ष आजही ऐकू येते. सप्टेंबरमधला सप्त, ऑक्टोबरमधला अष्ट, नोव्हेंबरमधला नव, डिसेंबरमधला दश. लॅटिन आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, म्हणून अंक ओळखीचे वाटतात. पण आज सप्टेंबर सातवा नाही, नववा आहे. पुढे जानेवारी आणि फेब्रुवारी आले आणि इसवी सनापूर्वी १५३ पासून रोमचे कॉन्सल एक जानेवारीला सूत्रे हाती घेऊ लागले, म्हणून सगळे अंक दोन-दोन घरे सरकले. नावे तशीच राहिली.

जानेवारी आणि फेब्रुवारी वर्षात घातले ते नुमा राजाने असे रोमन लोक मानत. त्यांना सम संख्या अशुभ वाटायच्या. म्हणून चार महिने एकतीसचे, सात महिने एकोणतीसचे, सगळे विषम. पण बारा विषम संख्यांची बेरीज सम येते, आणि वर्षाचे दिवस तर ३५५, म्हणजे विषम हवेत. तेव्हा एका महिन्याला सम, म्हणजे अशुभ, व्हावेच लागणार होते. तो मान फेब्रुवारीला मिळाला. नाहीतरी तो शुद्धीचा आणि पितरांचा महिना होता, शिवाय एके काळी वर्षाचा शेवटचा. अठ्ठावीस दिवसांचा फेब्रुवारी आला तो इथून: अंकांच्या अंधश्रद्धेतून आणि सम-विषमाच्या साध्या गणितातून. आपल्या पगाराच्या चिठ्ठीपर्यंत ती अंधश्रद्धा अडीच हजार वर्षे चालत आली आहे, हे आठवले की मला हसूही येते आणि अंगावर काटाही येतो.

३५५ दिवसांचे वर्ष ऋतूंच्या पुढे धावणारच. त्यावर तोड म्हणून अधूनमधून फेब्रुवारी तेविसाव्या-चोविसाव्या दिवशी तोडून मध्ये एक जादा महिना घालायचा, असा रिवाज होता. तो केव्हा घालायचा हे ठरवणार धर्मगुरू, आणि धर्मगुरू असायचे राजकारणी. आपल्या माणसाची अधिकारपदाची मुदत वाढवायची असेल तर महिना घाला, विरोधकाची असेल तर विसरून जा. ज्युलिअस सीझरच्या काळापर्यंत कॅलेंडर आणि ऋतू यांच्यात दोन-तीन महिन्यांचे अंतर पडले. सीझरने इसवी सनापूर्वी ४६ हे वर्ष तब्बल ४४५ दिवसांचे केले. गोंधळाचे शेवटचे वर्ष, असे त्याचे वर्णन पुढच्या एका रोमन लेखकाने केले आहे. मग अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनीसच्या सल्ल्याने त्याने ३५५ मध्ये दहा दिवस घातले. जानेवारी, पुढे ऑगस्ट म्हणवला गेलेला सेक्स्टिलिस आणि डिसेंबर यांना दोन-दोन. एप्रिल, जून, सप्टेंबर, नोव्हेंबर यांना एकेक. फेब्रुवारीच्या धार्मिक विधींना धक्का नको म्हणून त्याला काहीच मिळाले नाही. मूठ आवळून उंचवट्यांवर एकतीस आणि खाचांमध्ये तीस असे आपण जे मोजतो, ते त्या दिवशीच्या वाटणीचे अवशेष.

इथे एका लोकप्रिय गोष्टीला निरोप द्यायला हवा. जुलै सीझरचा म्हणून एकतीसचा, मग ऑगस्टस सम्राटाने आपला महिना कमी पडू नये म्हणून फेब्रुवारीचा एक दिवस पळवला, असे आपल्याला शाळेत सांगितलेले असते. गोष्ट छान आहे, पण खोटी आहे. ती तेराव्या शतकातल्या सॅक्रोबॉस्को नावाच्या विद्वानाने रचलेली. रोमच्या दक्षिणेला अँझिओ येथे सीझरच्या सुधारणेपूर्वीचे, भिंतीवर रंगवलेले एक कॅलेंडर सापडले आहे. त्यात फेब्रुवारी आधीच अठ्ठावीसचा आहे, जुलैची जागा असलेला महिना आधीच एकतीसचा, आणि ऑगस्टच्या जागेवरचा एकोणतीसचा. बिचाऱ्या ऑगस्टसने कुणाचे काही चोरले नव्हते. उलट त्याला एक घोळ निस्तरावा लागला, आणि तो घोळ मराठी माणसाला पटकन समजेल असा आहे.

आपण सात दिवसांना 'आठवडा' का म्हणतो? आजचा सोमवार एक, उद्याचा मंगळवार दोन, असे मोजत गेलो की पुढचा सोमवार आठवा येतो. म्हणून सात दिवसांनी भरतो तो 'आठवडी बाजार', आणि "आठ दिवसांनी ये" म्हटले की माणूस बरोबर त्याच वारी दारात उभा राहतो. दोन्ही टोके धरून मोजायची ही रीत रोमन लोकांचीही होती. त्यांचा बाजार दर आठ दिवसांनी भरायचा आणि त्याचे नाव होते 'नंडिने', म्हणजे नवव्या दिवसाचा. आता सीझरचा नियम बघा: दर चौथ्या वर्षी एक दिवस वाढवा. सीझरचा खून झाला, आणि त्याच्यामागे धर्मगुरूंनी आपल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही टोके धरून 'चौथे' मोजले. लीप वर्ष दर तीन वर्षांनी येऊ लागले! छत्तीस वर्षांत नऊच्या जागी बारा दिवस वाढले. शेवटी ऑगस्टसने पुढची काही लीप वर्षे गाळून हिशेब जागेवर आणला. आठवडी बाजाराच्या मोजणीने एका साम्राज्याचे कॅलेंडर चुकले होते.

आता सातांकडे येऊ, कारण सगळ्या भागाकारांत हा आकडा सर्वांत हट्टी आहे. दिवस, महिना आणि वर्ष आकाशात दिसतात. आठवडा कुठे दिसत नाही. चंद्राच्या कलांचा चौथा हिस्सा साडेसात दिवसांच्या जरा आत येतो, तेवढाच काय तो दूरचा आधार. बाबिलोनी लोकांना सात या आकड्याचे अप्रूप होते, ज्यूंनी सातवा दिवस विश्रांतीचा मानला, आणि आकाशात फिरताना दिसणाऱ्या गोलांची संख्याही सातच भरली. ते सात, दिसणाऱ्या गतीप्रमाणे मंदाकडून शीघ्राकडे लावले की असे येतात: शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र. पण आपले वार या क्रमाने नाहीत. शनीनंतर रवी कसा? रवीनंतर सोम कसा?

याचे उत्तर पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो होतो. दिवसाचे चोवीस होरे. 'होरा' हा शब्दही ग्रीक, आणि इंग्रजीतला 'अवर' त्याच मुळाचा. प्रत्येक होऱ्याला वरच्या क्रमाने एकेक ग्रह स्वामी द्यायचा, आणि दिवसाच्या पहिल्या होऱ्याचा जो स्वामी, त्याचे नाव त्या दिवसाला. शनिवारचा पहिला होरा शनीचा. सात-सातांची तीन आवर्तने झाली की एकवीस होरे. उरले तीन, ते शनी, गुरू, मंगळ यांचे. पंचविसावा होरा, म्हणजे दुसऱ्या दिवसाचा पहिला, सूर्याचा. म्हणून रविवार. तिथून पुन्हा तीन सोडले की चंद्र: सोमवार. मग मंगळ, बुध, गुरू, शुक्र. आर्यभटाने हेच एका ओळीत सांगितले आहे की या क्रमातला दर चौथा ग्रह दिवसाचा स्वामी होतो. तोही दोन्ही टोके धरूनच मोजत होता! चोवीसला सातांनी भाग जात नाही, बाकी तीन उरते, आणि त्या तीनातून आपल्या वारांचा क्रम जन्माला आला. भाग गेला असता तर रोजच शनिवार असता.

वार आपल्याकडे बाहेरून आले. वेदांत तिथी-नक्षत्रे आहेत, वार नाहीत. भारतात वाराचा सर्वांत जुना नेमका उल्लेख असलेला लेख मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातल्या एरण येथे खांबावर आहे. बुधगुप्ताच्या काळचा, इसवी सन ४८४ चा, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार. आपल्या मुरूडच्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिषशास्त्राचा जो इतिहास मराठीत लिहिला, त्यात या वारांच्या उगमाची चर्चा आहे. कोकणातल्या गावात जन्मलेला हा शिक्षक किती बारीक छाननी करत होता ते पाहायचे तर मूळ ग्रंथच उघडावा.

आला तो आठवडा मात्र असा रुजला की नंतर कुणालाही तो हलवता आला नाही. १५८२ साली तेराव्या ग्रेगरी पोपने सीझरच्या कॅलेंडरात साचलेला फरक काढला तेव्हा ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आली. दहा तारखा गेल्या. पण चार तारखेला गुरुवार होता आणि पंधरा तारखेला शुक्रवार. वारांच्या माळेतला मणी निसटला नाही.

याचा उपयोग आपल्या इतिहासात होतो. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. जेधे शकावलीत वारही दिला आहे, शुक्रवार. शासनाची सुट्टी १९ फेब्रुवारीला असते. पण ती तारीख सीझरच्या जुन्या कॅलेंडरातली आहे. ग्रेगरीच्या हिशेबाने तोच दिवस १ मार्च १६३० पडतो. इंग्रजांनी नवे कॅलेंडर स्वीकारले ते १७५२ मध्ये, म्हणून त्यांच्या वखारींतल्या नोंदी जुन्याच हिशेबाच्या. रायगडावरच्या राज्याभिषेकाची ६ जून १६७४ हीसुद्धा तशीच. नव्या हिशेबाने १६ जून. एकाच दिवसाला दोन तारखा. पण जन्माचा तो दिवस कुठल्याही कॅलेंडरात बघा, शुक्रवारच. तारखांवर वाद घालणाऱ्यांनी निदान वारावर एकमत करायला हरकत नसावी.

सातांना हटवायचे प्रयत्न झाले, तेही मोठमोठ्यांनी केले. फ्रेंच क्रांतिकारकांनी १७९३ मध्ये दहा दिवसांचा आठवडा आणला. कामगाराला नऊ दिवस राबल्यावर एक सुट्टी. १८०५ संपता संपता ते सगळे गुंडाळले गेले. सोव्हिएत रशियाने १९२९ मध्ये पाच दिवसांचा आठवडा केला, आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळ्या सुट्ट्या दिल्या, म्हणजे कारखाना कधीच थांबणार नाही. नवऱ्याला एका दिवशी सुट्टी, बायकोला दुसऱ्या दिवशी. १९३१ मध्ये सहा दिवस करून पाहिले आणि १९४० मध्ये निमूटपणे सातांवर परतले.

आपल्या पंचांगाने ही बाकी सांभाळली ती अगदी वेगळ्या तऱ्हेने. चंद्रही सोडायचा नाही आणि सूर्यही सोडायचा नाही. दर वर्षी अकरा दिवस उधारीवर ठेवायचे आणि उधारी महिनाभराची झाली की पुरा महिना देऊन टाकायचा. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये अकरा दिवस मागे सरकून २७ ऑगस्टला आली, आणि २०२६ मध्ये एकदम अठरा दिवस पुढे, १४ सप्टेंबरला. मधे १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे, म्हणून. म्हणजे आपले ते वर्ष तेरा महिन्यांचे.

नियम इतका सुंदर आहे की तो राजाच्या किंवा धर्मगुरूच्या मर्जीवर राहूच शकत नाही. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच्या महिन्यात सूर्याने रास बदलली नाही, म्हणजे संक्रांतच झाली नाही, तर तो महिना अधिक. बस्स. रोममध्ये जे राजकारण्यांच्या हातात होते, ते इथे सूर्याच्या हातात दिले. सरासरीने साडेबत्तीस सौर महिन्यांनी एक अधिक मास येतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे का देतात याचे उत्तर घरोघरी वेगळे मिळेल, तेहतीस कोटी देवांपर्यंत जाईल. पण ताटातले अनारसे मोजताना मला तरी हा भागाकारच दिसतो.

याहून नवलाची गोष्ट पुढेच आहे. अधिक मास बहुधा चैत्र ते आश्विन यांच्यातच का येतो? पृथ्वीची कक्षा नेमके वर्तुळ नाही. जुलैच्या सुरुवातीला आपण सूर्यापासून सर्वांत लांब, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असतो आणि हळू चालतो; जानेवारीच्या सुरुवातीला सर्वांत जवळ, १४.७ कोटींवर, आणि वेगात. म्हणून सूर्य मिथुन राशीत जवळजवळ साडेएकतीस दिवस रेंगाळतो आणि धनू राशी साडेएकोणतीस दिवसांच्या आतच ओलांडतो. उन्हाळा-पावसाळ्यात रास लांब आणि चांद्रमहिना आखूड, तेव्हा संक्रांत चुकायची शक्यता जास्त. हिवाळ्यात उलटे, क्वचित एकाच चांद्रमहिन्यात दोन संक्रांती पडतात आणि आख्खा महिना नाहीसा होतो, तो क्षय मास. १९८२-८३ मध्ये तसे झाले होते.

म्हणजे आकाशातले महिनेच मुळी सारखे नाहीत. हे सगळ्यांत प्रामाणिकपणे कुणी कबूल केले असेल तर मेघनाद साहांच्या समितीने. १९५२ मध्ये ही कॅलेंडर सुधारणा समिती नेमली गेली आणि तिने सुचवलेले राष्ट्रीय कॅलेंडर २२ मार्च १९५७ रोजी, चैत्र १, शके १८७९ या दिवशी सुरू झाले. आकाशवाणीवर सकाळी 'भारतीय सौर' म्हणून जी तारीख सांगतात ती हीच. त्यात वैशाखापासून भाद्रपदापर्यंत पाचही महिने एकतीस दिवसांचे आणि पुढचे सगळे तीसचे. चैत्र तीसचा, लीप वर्षात एकतीसचा. एकतीसचे महिने असे एकाच बाजूला का रचले? कारण वसंतसंपातापासून शरदसंपातापर्यंत सुमारे १८६ दिवस जातात आणि तिथून परत यायला १७९ च. जिथे सूर्य रेंगाळतो तिथेच त्यांनी दिवस वाढवले. हे कॅलेंडर घराघरांत पोहोचले नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

शेतकऱ्याने तर महिन्यांचा नादच सोडून दिला. त्याला तिथी परवडत नाही. अकरा-अकरा दिवस सरकणाऱ्या तारखेवर पेरणी कशी करणार? तो सूर्याच्या नक्षत्रांवर चालतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, अशी सत्तावीस, प्रत्येक साधारण साडेतेरा दिवसांचे. 'मृग लागला' तो सात-आठ जूनलाच. मराठेशाहीच्या कागदपत्रांतला सुहूर सनही मृगापासूनच बदलायचा.

विसाव्या शतकात पुन्हा एकदा सगळे सारखे करायची लाट आली. मोझेस कॉट्सवर्थ या रेल्वेतल्या इंग्रज हिशेबनिसाने अठ्ठावीस दिवसांचे तेरा महिने सुचवले. प्रत्येक महिना २०२६ च्या फेब्रुवारीसारखा चौकोनी. कोडॅक कंपनीने १९२८ ते १९८९ अशी एकसष्ट वर्षे आपला कारभार त्यावर चालवला. दुसरी योजना बारा महिन्यांची, प्रत्येक तिमाही ९१ दिवसांची, 'जागतिक कॅलेंडर' या नावाची. १९५३ मध्ये भारताने ती संयुक्त राष्ट्रांपुढे ठेवली आणि साहांनी तिची बाजू मांडली. दोन्ही योजना एकाच जागी अडल्या. तेरा अठ्ठावीस करा किंवा चार एक्क्याण्णव करा, बेरीज ३६४. उरतो एक दिवस. त्याला कुठलाच वार द्यायचा नाही, म्हणजे जमेल! पण ज्यूंचा शब्बाथ, ख्रिस्ती लोकांचा रविवार आणि मुसलमानांचा जुम्मा यांची माळ दर वर्षी एका बिनवाराच्या दिवसाने तुटणार, हे मान्य होणे शक्य नव्हते. १९५५ मध्ये अमेरिकेने नकार कळवला आणि विषय बाजूला पडला. एका दिवसाला ओसरीसुद्धा मिळाली नाही.

गंमत म्हणजे कॉट्सवर्थचे वर्ष आपल्या खिशात गुपचूप चालू आहे. मोबाइलचे रिचार्ज अठ्ठावीस दिवसांचे मारणाऱ्याला वर्षात बारा नव्हे, तेरा रिचार्ज मारावे लागतात. सम्राटांना जमले नाही ते दुकानदाराला जमले.

आणि भागाकाराचे आकडे तरी कायमचे कुठे आहेत? समुद्राच्या भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचे फिरणे मंदावते आहे, आणि चंद्र दर वर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर लांब जातो आहे. दिवस इतक्या सावकाश लांबतो की शंभर वर्षांत दोन सहस्रांश सेकंदही भरत नाही. पण पृथ्वीला घाई नाही. पोवळ्याच्या अंगावर रोजची एक बारीक रेघ वाढते आणि वर्षाचा एक ठळक पट्टा. १९६३ साली जॉन वेल्स या अमेरिकन शास्त्रज्ञाने सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीच्या पोवळ्यांचे जीवाश्म भिंगाखाली धरले आणि एका पट्ट्यातल्या रेघा मोजल्या. त्या जवळजवळ चारशे भरल्या. वर्ष तेवढेच होते. दिवस आखूड होते, सुमारे बावीस तासांचे.

मी लगेच सातांनी भागून पाहिले. चारशे धरले तर सत्तावन्न आठवडे, आणि एक दिवस बाकी.